बापाचा पव्वा आणि लेकराचा भरवसा



या पत्रिकेतून आपण नेहमी पेरणी, खत, फवारणी आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. विषय दारूचा आहे. पण दारू वाईट असते एवढेच सांगायला ही पाने खर्ची घालायची नाहीत. ते तुम्हांला ठाऊक आहे, आणि पिणाऱ्यालाही ठाऊक आहे. आज बघायचे ते असे की, घरात आई किंवा बाप पीत असेल तर त्यांच्या हातून लेकरांचे संगोपन कसे बिघडते, का बिघडते, आणि बिघडलेले सावरता येते का.

शेतीच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. कपाशीवर फवारणी चालू असण्याच्या दिवसांत एका गावात शिवारफेरीला गेलो होतो. एका वावरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाठीवर पंप घेऊन फवारा मारत होता. तोंडाला रुमाल नाही, पायात चप्पल नाही, अंगात शाळेचाच सदरा. पंप खाली ठेवायला लावला आणि विचारले, "बाबा कुठं आहे?" म्हणाला, "घरी झोपले." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. "काहून रे, आज शाळा नाही का?" तर म्हणतो, "आज फवारा झाला नाही तर बाबा रात्री मायले बोलतील."

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. त्या पोराच्या अंगावर तेच औषध उडत होते. पण त्याला औषधाची भीती नव्हती आणि अळीचीही चिंता नव्हती. त्याला चिंता होती रात्रीची. त्या दिवशी मी औषधाचे प्रमाण आणि वाऱ्याची दिशा सांगून परत आलो, पण जे सांगायला हवे होते ते राहूनच गेले. ते आज सांगतो.

पैसा मोजतो, भरवसा मोजत नाही

दारूचा हिशेब मांडायचा म्हटला की आपण पैशाचा मांडतो. रोजचे शंभर रुपये धरले तर वर्षाचे छत्तीस हजार पाचशे झाले. त्यात बियाणे आले असते, खत आले असते, पोरीची फी भरून झाली असती. हा हिशेब खराच आहे. कापसाचा चुकारा हाती आला की तो घरापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच किती गळतो, हे घरच्या बाईला विचारावे.

पण दारू घरातली आणखी एक वस्तू खाते. ती वहीत मांडता येत नाही. ती म्हणजे लेकराचा भरवसा. 'संध्याकाळी बाबा घरी येईल, आला की आपल्याशी बोलेल, सांगितले ते करील, चुकलो तर रागवेल पण उगाच मारणार नाही', हा भरवसा म्हणजे लहान मुलाच्या पायाखालची जमीन असते. तिच्यावर उभे राहून ते चालायला, बोलायला, शिकायला लागते. ती जमीन रोज हलू लागली तर मूल शिकण्याचे सोडून तोल सांभाळण्यातच सारी ताकद घालवते.

एक घर डोळ्यांसमोर आणा. दिवेलागण झाली आहे. आई चुलीपाशी, आजी ओसरीवर, दोन मुले दप्तर उघडून बसली आहेत. बाहेर मोटारसायकल थांबते. थोरली पोरगी पुस्तकातून मान वर काढते आणि कान देते. स्टँड एकदाच लागला की दोनदा घसरला? पावले सरळ येतात की अडखळत? खाकरणे कसे आहे? ही सात-आठ वर्षांची पोर एका क्षणात ओळखते की आज कोणता बाप आला. मग ती धाकट्याला डोळ्यांनी खुणावते, पुस्तक मिटते, ताटे घ्यायला उठते. या घरात अजून कोणी कोणाला मारलेले नाही, कोणी ओरडलेही नाही. तरी नुकसान सुरू झाले. अभ्यास थांबला आणि पहारा सुरू झाला.

पातेगळ कशाने होते?

कपाशीचे उदाहरण घेऊ, म्हणजे लवकर ध्यानात येईल. पऱ्हाटीला पात्या लागल्या आहेत आणि पंधरा-वीस दिवस पावसाने ताण दिला. मग एकदम झड लागली आणि वावरात पाणी साचले. अशा वेळी पात्या आणि लहान बोंडे गळून पडतात. बियाणे चांगले असते, खतही पोचलेले असते. झाडाला बाधते ते कधी कोरडे, कधी चिखल, असे धरसोडीचे पाणी. वरून झाड हिरवेगार दिसते. किती गळले ते वेचणीला कळते.

पिणाऱ्या घरातली मायाही अशीच धरसोडीची असते. एक दिवस बाप झिंगून येतो आणि अर्धा किलो जिलबी आणतो, पोराला मांडीवर घेतो, पुढच्या महिन्यात सायकल घेऊन देण्याचे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या हातून तांब्या सांडला की कानाखाली वाजवतो. तिसऱ्या दिवशी तांब्या पुन्हा सांडला तरी काही बोलत नाही, कारण शुद्धच नसते. आता सांगा बरं, तांब्या सांडणे ही चूक आहे की नाही, हे त्या मुलाने कसे ओळखायचे? चूक-बरोबर हे आपल्या वागण्यावरून ठरत नाही, बापाने किती घेतली यावरून ठरते, हे मात्र ते पक्के शिकते. असे मूल नियम पाळायला शिकत नाही. ते तोंड पाहून वागायला शिकते.

पोळ्याचेच पाहा. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, किती घरांत बाटली निघते हे सांगायला नको. आणि नेमका त्याच दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. लाकडी बैलाला बेगड लावून, तोरणाखाली न्यायला तयार होऊन पोरगं दारात उभे असते. 'मी येतो तुझ्यासंग' असे कालच कबूल केलेला बाप आत आडवा पडलेला असतो. तुमच्या लेखी ही एका दिवसाची गोष्ट झाली. त्याच्या लेखी वर्षाचा सण गेला, आणि बापाच्या शब्दाची किंमतही गेली.

दारू मेंदूत काय करते?

आपल्या कपाळामागचा मेंदूचा भाग हा लगामासारखा असतो. राग आला तरी हात आवरणे, बोलण्याआधी विचार करणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखणे, ही कामे त्याची. दारू आधी हाच लगाम सैल करते. म्हणून प्यालेल्या माणसाला मूल रडते आहे ते भुकेने, भीतीने की हट्टाने, हे ओळखता येत नाही. त्याला फक्त आवाजाचा त्रास होतो, आणि हात आवरणारा लगाम तर आधीच सुटलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पुष्कळांना वाटते की रात्री घेतली, झोपलो, सकाळी उतरली. हिशेब करून पाहा. १८० मिलीलिटरच्या पव्व्यात कडक दारू असेल तर सुमारे साठ ग्रॅम निव्वळ मद्यार्क असतो. यकृत, म्हणजे लिव्हर, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्कच जाळू शकते. म्हणजे एक पव्वा अंगातून जायला सहा ते आठ तास लागतात, दोन घेतले तर त्याच्या दुप्पट. लिंबू, ताक, थंड पाणी किंवा कडक चहा यांनी हा वेग वाढत नाही. तेव्हा रात्री अकराला दोन पव्वे पिऊन सकाळी सातला पोरीला मोटारसायकलवर शाळेत सोडणारा किंवा पंप पाठीला लावणारा बाप पूर्ण शुद्धीवर नसतो. आणि उतरल्यावर डोके ठणकणे, चिडचिड, हात थरथरणे सुरू होते. पिणारा म्हणतो, मी मुलांसमोर पीत नाही. पण मुलांच्या वाट्याला येते ती ही सकाळच.

गरोदर मातेविषयी एकच सांगतो. गरोदरपणात घेतलेली दारू, मग ती मोहाची असो, सिंदी असो की बाटलीतली, थेट गर्भाच्या रक्तात जाते. त्यामुळे बाळाचे वजन कमी भरू शकते, आणि पुढे शिकण्यात व वागण्यात जन्मभराची अडचण राहू शकते. या काळात थोडीही दारू सुरक्षित नाही. तसेच सर्दी-खोकल्याला किंवा झोपेसाठी लहान मुलाला चमचाभर पाजण्याची जुनी सवय अजून कुठे असेल तर ती आजच सोडा. लहान अंगात तेवढ्यानेही रक्तातली साखर एकदम खाली जाऊन मूल बेशुद्ध पडू शकते.

घरातला प्रत्येकजण कसा बदलतो?

पिणारा एक असतो. पण सारे घर त्याच्याभोवती फिरू लागते.

आई मुलांकडे पाहण्याऐवजी नवऱ्याकडे पाहू लागते. तो कुठे असेल, किती घेतली असेल, खिशात काय उरले असेल, यातच तिचा जीव गुंततो. कधी सारा राग मुलांवर निघतो, तर कधी बापाची भरपाई म्हणून ती त्यांचे नको ते लाड पुरवते. 'गुरुजींना सांग, बाबाला ताप आहे', 'आजीला बोलू नको', असे खोटे बोलणे ती मुलांना शिकवते. त्यात तिचा दोष नाही, तिला अब्रू सांभाळायची असते. पण मूल यातून एवढेच शिकते की घरातली सर्वांत मोठी गोष्ट बोलायची नसते.

मुलांमध्ये थोरली पोरगी बहुधा घराची दुसरी आई होते. स्वयंपाक, धाकट्याची आंघोळ, बापाला ओढून खाटेवर टाकणे, सारे तीच करते. शेजारी कौतुक करतात, "किती समजदार पोर आहे!" अहो, ती समजदार झाली नाही, तिचे लहानपण कापणीच्या आधीच कापले गेले. दुसरा एखादा वाकडा चालतो, शाळेत मारामारी करतो, गावाचे बोलणे खातो. तिसरा इतका गप्प राहतो की तो घरात आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. चौथा सदा विनोद करतो, म्हणजे भांडण होऊ नये. गुरुजनांना विनंती आहे की, वर्गात डुलकी घेणारे, गृहपाठ कधीच पूर्ण न करणारे, मित्रांना घरी न नेणारे मूल दिसले तर छडी उचलण्याआधी त्याच्या घरची रात्र कशी गेली असेल याचा विचार करावा.

आणि जवळजवळ प्रत्येक लहान मुलाच्या मनात एक चुकीची गोष्ट बसते, ती म्हणजे, 'हे माझ्यामुळे होते. मी पहिला नंबर आणला असता, मी तांब्या सांडला नसता, तर बाबा प्यायला नसता.' हे ओझे पाठीवरच्या पंपापेक्षा जड असते, आणि ते कोणाला दिसत नाही.

शेंडगावचा डेबू

आता आपल्या वऱ्हाडातलीच एक गोष्ट. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात मुलगा झाला. नाव डेबू. बाप झिंगराजी दारूच्या नादी लागला. पिण्यापायी घर बसले, शरीर खंगले, आणि डेबू अजून लहान असतानाच बाप वारला. पोराला दारूपासून दूर ठेव, असे शेवटी त्याने बायकोला बजावले, असे सांगतात.

आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुरीला आपल्या माहेरी आली. तिथे आजोबा-मामांच्या घरात डेबूला दोन वेळची भाकर मिळाली, गुरांची राखण मिळाली, पुढे नांगर हाती आला. तो पट्टीचा कास्तकार झाला. लग्न झाले, मुलगी झाली. त्या काळी त्यांच्या जातीत बारशाला मटण आणि दारू द्यावी लागे. डेबूने ती दिली नाही. जातभाईंचा राग पत्करून त्याने गोडाचे जेवण वाढले. बापाची दारू त्याने आपल्या लेकीच्या पाळण्यापर्यंत येऊ दिली नाही. हाच डेबू १९०५ मध्ये घर सोडून निघाला आणि हाती खराटा घेऊन गावोगाव फिरला. आपण त्यांना गाडगेबाबा म्हणतो. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. तोवर त्यांनी कीर्तनातून लोकांना दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, हेच सांगितले.

ही गोष्ट थोर पुरुषाचे चरित्र म्हणून सांगत नाही. यातला एक धागा पकडा. बाप गेला तरी डेबूला एक खमकी आई होती, आणि दारू न शिरलेले एक घर होते. तिथे संध्याकाळ कशी जाईल हे त्याला ठाऊक असे. त्याचा तोल तिथे सावरला.

आजचे शास्त्रही हेच सांगते. अमेरिकेतल्या हवाई बेटांपैकी कावाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे केला. त्यांत गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचे दारूचे व्यसन अशा अनेक अडचणींत वाढलेली मुले होती. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कामसू, मायाळू माणसे झाली. ती कशाने तरली हे पाहिले, तेव्हा दिसले की त्यांच्या आयुष्यात किमान एक तरी मोठे माणूस भरवशाचे होते. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचे शिक्षक.

पिणाऱ्याच्या मुलाला पुढे स्वतः व्यसन लागण्याचा धोका इतरांपेक्षा तीन-चार पट असतो, हे खरे. त्यात थोडा भाग रक्ताचा, थोडा घरच्या वळणाचा. पण धोका म्हणजे नशीब नव्हे. रोगाला बळी पडणारे वाण असले म्हणून आपण पेरणी सोडत नाही. जास्त लक्ष देतो.

मग करावे काय?

जो पितो त्याने:

१. दारू सोडण्याचा निर्णय घ्यावा आणि तो डॉक्टरांना सांगावा. थोडी पिणे बरे, हा समज सोडावा. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.
२. सुटेपर्यंत निदान एवढे पाळावे: प्यालेले असताना मुलाला शिक्षा करू नये, अभ्यास घेऊ नये, गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसवू नये. ही सूट नव्हे, हे कुंपण आहे.
३. बाटली आणायला मुलाला कधीच पाठवू नये. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मुलाला दारू देणे, किंवा दारू विकायला अथवा वाहायला मुलाला वापरणे, हा गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.
४. उरलेले कीटकनाशक दारूच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. घरात ज्या बाटलीतून बाप पितो, तशाच बाटलीत मोनोक्रोटोफॉस असेल तर मुलाने, आणि अंधारात तुम्हीही, काय ओळखायचे? औषध मूळ डब्यात, कुलुपात, घराबाहेर ठेवावे. प्यालेल्या माणसाने फवारणीला हात लावू नये आणि ते काम मुलावरही टाकू नये.
५. शुद्धीवर असताना मुलाजवळ बसून सांगावे, "काल माझं चुकलं. तुझी चूक नव्हती." बापाने असे म्हटल्याने तो लहान होत नाही. मात्र पाळता येणार नाही असा शब्द देऊ नये. सायकलचे वचन देण्यापेक्षा उद्या सकाळी शाळेपर्यंत सोबत चालावे.

घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने, म्हणजे आई, आजी, आजोबा, काका यांनी:

१. मुलाला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात: हे तुझ्यामुळे झाले नाही, हे थांबवणे तुझे काम नाही, तू मला काहीही सांगू शकतोस. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे.
२. जेवण, अभ्यास आणि झोप यांची वेळ ठरलेली असावी. बाप आला नाही म्हणून ताटे थांबवू नयेत. दहा गोष्टी बिघडल्या तरी तीन गोष्टी रोज वेळेवर होतात, एवढ्यानेही मुलाला धीर येतो.
३. मुलाला निरोप्या किंवा साक्षीदार करू नये. 'जा, बाबाला गुत्त्यावरून घेऊन ये', 'सांग, बाबांनी काल काय केलं', हे बंद करावे.
४. मारहाणीची वेळ आली तर कोणाच्या घरी जायचे, हे आधी ठरवून मुलांना सांगून ठेवावे. तातडीच्या मदतीला ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मूल स्वतःही १०९८ लावू शकते.

लोक नेहमी विचारतात

प्रश्न: रोज पिणाऱ्याने एका दिवसात एकदम सोडली तर चालते का?
उत्तर: पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत थरकाप, घाम, भास, झटके येऊ शकतात आणि जिवावर बेतू शकते. हे पाहून घरचेच लोक म्हणतात, 'पाजा थोडी, नाहीतर मरेल.' तसे करू नये, दवाखान्यात न्यावे. हे दिवस औषधाने सुखरूप पार पडतात.

प्रश्न: चहात किंवा भाजीत गुपचूप पुडी टाकली की दारू सुटते म्हणतात, ते खरे का?
उत्तर: अशा पुड्यांवर भरवसा ठेवू नका. काही पुड्यांत नुसती भुकटी असते. काहींत असे औषध असते की त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम पडून माणूस दगावू शकतो. असे औषध रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. गुपचूप देण्याने आणखी एक नुकसान होते. घरात उरलासुरला भरवसाही जातो.

प्रश्न: उपचार कुठे मिळतात?
उत्तर: आधी आपल्या गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे विनामूल्य क्रमांक आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडलेल्या माणसांची मंडळी. तिच्या सभेला फी नसते आणि नावही जाहीर करत नाहीत. तिच्या जोडीला घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट असतात.

प्रश्न: सुटून पुन्हा सुरू झाली, तर सारे वाया गेले का?
उत्तर: नाही. दुबार पेरणी आपण करतोच ना? हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. मात्र दुबार पेरणीला जसा उशीर चालत नाही, तसा इथेही चालत नाही. लगेच पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

गावाचे काम

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यातही 'स्वामिनी' अभियानातून बायाबापड्यांनी दारूबंदीची मागणी लावून धरली. सरकारच्या नियमाप्रमाणे गावातले किंवा वॉर्डातले २५ टक्के महिला मतदार किंवा एकूण मतदार अर्ज करून परवानाधारक दुकानाविषयी मतदान मागू शकतात. आडव्या बाटलीला पुरेशी मते पडली तर दुकान बंद होते. गावाने हे जरूर करावे. पण जिल्ह्याची बंदी लागते आणि उठते. पोराचे लहानपण त्याची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून गावाने एक सोपे कामही करावे. पिणाऱ्याच्या मुलाला 'दारुड्याचं पोर' म्हणून हाक मारणे आजपासून बंद. त्याला नावाने हाक मारा. संध्याकाळी तुमच्या ओसरीवर दिवा असेल तर त्याला तिथे अभ्यासाला बसू द्या. भाकर विचारा. कावाईच्या मुलांना आणि दापुरीच्या डेबूला जे एक भरवशाचे माणूस मिळाले, ते तुम्ही असू शकता. त्याला पैसा लागत नाही.

त्या वावरातला पंप पाठीवर घेतलेला मुलगा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पिकावर अळी दिसली की आपण त्याच दिवशी कृषी केंद्रावर धाव घेतो, कारण उशीर झाला तर हंगाम जातो हे आपल्याला कळते. लेकराचा हंगामही दहा-बारा वर्षांचाच असतो, आणि तो दुबार पेरता येत नाही. तेव्हा बंधूंनो, आज संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात पाय थबकला तर एवढे आठवा: घरी कोणीतरी पुस्तक उघडून बसले आहे, आणि त्याचे कान तुमच्या पावलांकडे लागले आहेत.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी